विश्वास आणि परीक्षा

इ. स. १७९९ च्या १४ डिसेंबरच्या पहाटे अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा गळा सुजून श्वास कोंडू लागला. तेव्हा त्यांचे जुने स्नेही व विश्वासू वैद्य डॉक्टर क्रेक यांस निकडीचे बोलावणे गेले. क्रेक तत्काळ आले. पण रूढीस अनुसरून त्यांनीही रक्तच काढविले. दिवसभरात चार वेळा रक्त काढण्यात आले. मागाहून आलेल्या तरुण डॉक्टर डिक यांनी त्यास हरकत घेतली व श्वासनलिकेस छिद्र पाडण्याची सूचना केली. ज्येष्ठांनी ती मानली नाही. त्याच रात्री वॉशिंग्टन निवर्तले. क्रेक यांच्या निष्ठेत तिळमात्र न्यून नव्हते. न्यून होते ते परीक्षेवाचून मान्य झालेल्या रूढीत. वैद्यावर विश्वास अवश्य असावा. परंतु वडीलकीपुढे शंकेने मुके राहू नये, इतकेच आमचे म्हणणे आहे.