रिपोर्ट नॉर्मल, झोप नाही

जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन, मग रेडिएशन. आता रिपोर्ट नॉर्मल येतात. लालबागच्या आमच्या चाळीतल्या काकू म्हणतात, “सुटलास रे बाबा!” पण तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. अशी धास्ती पुष्कळ रुग्णांना वाटते. मी समलिंगी आहे, त्यामुळे माझ्या धास्तीला लपवालपवीची जोड. मला नळीतून भरवणारा जोडीदार चाळीत ‘मावसभाऊ’ होता. समुपदेशकाने विचारलं, “बायको सांभाळून घेते ना?” मी मान डोलावली. कोरडं तोंड, चुंबनाची भीती, सगळं गिळलं.

समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा कलम ३७७चा २०१८चा निकाल अनेकांना ठाऊक असतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ फारसा कुणाला नाही. त्यानुसार लैंगिक कलावरून भेदभाव न होता मानसिक उपचार मिळणं हा हक्क आहे. त्या उपचारांपुरता आपला प्रतिनिधी आपणच नेमू शकतो. सज्ञान जोडीदारही चालतो, रक्ताचं नातं लागत नाही. साधा कागद, आपली सही पुरते. ऑपरेशनच्या संमतीला मात्र हा कागद उपयोगी नाही. नेमणुकीसाठी प्रतिनिधीनेही लेखी होकार द्यायचा असतो. आमच्या ‘मावसभाऊ’ साहेबांनी तो परळच्या झेरॉक्सवाल्याकडे उभ्याउभ्या लिहिला, वर माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या.