कॉम्प्युटर रखडतोय? नवा घेण्याआधी हा एक पार्ट बदलून पाहा

बटण दाबले, चहा झाला, तरी स्क्रीनवरचे गोल चक्र फिरतच आहे. सात-आठ वर्षे जुना कॉम्प्युटर असलेल्या अनेक घरांत हीच तक्रार असते. दुकानात विचारले की सल्ला मिळतो, ‘आता नवाच घ्या.’ पण तुमचे काम ऑनलाइन फॉर्म, एक्सेल, टॅली आणि यूट्यूब एवढेच असेल, तर वेग बहुतेक वेळा प्रोसेसरमुळे नव्हे, तर जुन्या हार्ड डिस्कमुळे अडलेला असतो.

आधी दुखणे ओळखा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’वर जा.

• डिस्क 100 टक्के आणि सीपीयू निवांत : हार्ड डिस्क बदला.
• नेहमीचे काम करताना मेमरी 85 टक्क्यांच्या वर : रॅम वाढवा.
• साध्या कामातही सीपीयू सतत 100 टक्के : आधी व्हायरस आणि आपोआप सुरू होणारी ॲप तपासा. पंख्यावरची धूळही साफ करा, कारण प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करतो.

एसएसडीने एवढा फरक का पडतो?

हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते, साधारणपणे मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा. हवी ती माहिती शोधायला तिच्यावरचा हेड दर वेळी जागा बदलतो. त्यात सुमारे 10 मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइल वाचाव्या लागतात, म्हणून ही वाट पाहणे साचत जाते.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तीच माहिती मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून लवकर मिळते. जुन्या मशीनला 2.5 इंची साटा एसएसडी बहुधा चालते. मदरबोर्डवर एनव्हीएमई चालणारा एम.2 स्लॉट असेल, तर तीही घेता येईल. कागदावर ती कितीतरी वेगवान असली, तरी रोजच्या कामात दोघींतला फरक फारसा जाणवत नाही.

रॅम किती हवी?

4 जीबी आज अपुरी पडते. 8 जीबीत घरगुती काम निभावते. ब्राउझरमध्ये वीस-वीस टॅब उघडे ठेवत असाल, तर 16 जीबी घ्या. खरेदीआधी डीडीआर3 की डीडीआर4 ते पाहा, एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच जोडलेली असते, ती वाढवता येत नाही.

गेम खेळत नसाल, तर ग्राफिक्स कार्डवर पैसे घालू नका.

खर्च कुठे थांबवावा?

मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी बंद केला. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. ‘पीसी हेल्थ चेक’ हे मायक्रोसॉफ्टचे मोफत ॲप तुमचे मशीन पात्र आहे का ते सांगते.

पात्र असेल, तर एसएसडी आणि रॅमवरचा खर्च वसूल होईल. नसेल, तर एसएसडी टाकून लिनक्स मिंटसारखी मोफत सिस्टीम वापरता येते, मात्र टॅलीसारखी विंडोजची सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाहीत. त्यांच्यावाचून अडत असेल, तर जुन्या मशीनवर पैसे न घालता नव्यासाठी साठवलेले बरे.

डिस्क बदलण्याआधी

फोटो, मुलांची प्रमाणपत्रे आणि हिशेबाच्या फाइल पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर कॉपी करून घ्या आणि त्या उघडतात का तेही पाहा. दुकानदाराला जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करायला सांगा, म्हणजे सॉफ्टवेअर पुन्हा टाकावी लागणार नाहीत. काम झाल्यावर जुनी डिस्क दुकानात सोडू नका. तिच्यात तुमचे आधार, पॅन आणि बँकेचे कागद असू शकतात.