मुख्य प्रधान आणि माळी

आयझॅक असिमॉव्ह यांच्या 'फाउंडेशन' कथामालेतील आकाशगंगा साम्राज्य वाचकांच्या स्मरणात राहते ते त्याच्या अफाट विस्तारामुळे आणि त्याच्या ऱ्हासामुळे. सुमारे अडीच कोटी वसलेले ग्रह, बारा हजार वर्षांची परंपरा, चाळीस अब्ज माणसे पोटात घेऊन बसलेली ट्रँटॉर ही धातूने मढवलेली राजधानी, आणि या सगळ्याचा नाश गणिताने आधीच वर्तवणारा हारी सेल्डन, एवढ्यावर या मालेची बहुतेक चर्चा येऊन थांबते. या साम्राज्याचा रोजचा कारभार कोण हाकत होते आणि सम्राटाच्या नावाने सुटणाऱ्या हुकमांमागे कोणाची बुद्धी होती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. असिमॉव्ह यांनी जवळपास पन्नास वर्षांच्या लेखनात या प्रश्नाची तीन उत्तरे दिली, ती परस्परांशी पुरती जुळत नाहीत, आणि ज्या सांध्यांवर ती जुळत नाहीत तिथेच या पदाचा खरा स्वभाव उघडा पडतो.

मूळ इंग्रजीत या पदाला जे नाव आहे त्यासाठी येथे 'मुख्य प्रधान' हा शब्द योजला आहे, आणि त्याला कारण आहे. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी शाहू राजाचे नाव येते आणि त्यानंतर पेशव्याचे नाव 'मुख्य प्रधान' या पदासह येते. प्रत्यक्ष सत्ता पुण्यात गेल्यावरही कागदावरची ही उतरंड मोडली गेली नाही. असिमॉव्ह यांच्या साम्राज्यातही मुख्य प्रधानाला स्वतःचा म्हणून काही आधार नाही, कारण तिथे निवडणूक नाही, लिखित राज्यघटना नाही आणि प्रधानाची नेमणूक वा बडतर्फी सर्वस्वी सम्राटाच्या मर्जीवर आहे. फरक असा की पेशवेपद घराण्यात वंशपरंपरेने स्थिरावले, तर ट्रँटॉरवरचे हे पद शेवटपर्यंत एका माणसाच्या दुसऱ्या माणसावरील विश्वासावर तोलून राहिले.

मे १९४२ मध्ये 'अस्टाउंडिंग' मासिकात या मालेची पहिली कथा आली तेव्हा हे पद अस्तित्वातच नव्हते. ती कथा सीमेवरच्या टर्मिनस ग्रहावर घडते आणि राजधानीचा दरबार तिच्यात दिसत नाही, त्यामुळे त्या टप्प्यावर रेंगाळण्याचे कारण नाही. दरबाराचे दार पहिल्यांदा उघडते ते एप्रिल १९४५ मध्ये आलेल्या आणि पुढे 'द जनरल' या नावाने ग्रंथात समाविष्ट झालेल्या कथेत. दुसरा क्लिऑन हा साम्राज्याचा अखेरचा बलवान सम्राट वेदनादायक दुखण्याने अंथरुणाला खिळला आहे आणि त्याच्या उशाशी ब्रॉड्रिग उभा आहे. ब्रॉड्रिगचे पद खासगीच्या चिटणिसाचे, म्हणजे सम्राटाचा व्यक्तिगत पत्रव्यवहार आणि गुप्त कामे पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे. त्याला कोणी प्रधान म्हणत नाही, पण प्रधानाचे काम तोच करतो.

ब्रॉड्रिग हा या मालेतील सर्वांत उपेक्षित आणि तरीही सर्वांत नेमका रेखाटलेला राजपुरुष मानावा लागेल. तो हलक्या कुळातला आहे. दरबारात एकमेकांच्या जिवावर उठलेले अनेक गट आहेत आणि त्या सर्वांचे एकाच बाबतीत एकमत आहे, ते म्हणजे ब्रॉड्रिगचा द्वेष. सम्राटाचा त्याच्यावर विश्वास आहे तोही नेमका याच कारणाने. ज्या दिवशी सम्राट डोळे मिटेल त्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रॉड्रिगला ठार केले जाईल, हे दोघांनाही ठाऊक आहे, आणि म्हणून सम्राटाच्या जिवात ब्रॉड्रिगचा जीव गुंतलेला आहे. निष्ठेचा इतका कोरडा आणि इतका खरा हिशेब असिमॉव्ह यांनी अवघ्या दोन-तीन वाक्यांत मांडला आहे. मालेतल्या पात्रांना खोली नाही हा आक्षेप वारंवार घेतला जातो, परंतु हा परिच्छेद नीट वाचला तर तो आक्षेप टिकत नाही.

सीमेवर बेल रिओझ नावाचा तरुण सेनापती टर्मिनसवर सेल्डनने उभारलेल्या फाउंडेशन या सत्तेवर चढाई करून एकामागून एक विजय मिळवत आहे, आणि त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी सम्राट ब्रॉड्रिगला आघाडीवर धाडतो. रिओझ हे नाव सहाव्या शतकातील बायझंटाइन सेनापती बेलिसारिअस याच्या नावावरून घडवलेले आहे ही गोष्ट सर्वश्रुत आहे, मात्र ब्रॉड्रिगचीही जोड त्याच इतिहासात सापडते, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. सम्राट जस्टिनिअनने इ. स. ५३८ मध्ये आपल्या अंतःपुरातील विश्वासू अधिकारी नार्सेस याला इटलीत पाठवले, तेव्हा तिथे बेलिसारिअस लढत होता. दोघांचे जमले नाही, सैन्यात दोन तट पडले, त्या दुहीत मिलान शहर ५३९ मध्ये शत्रूच्या हाती पडले आणि अखेर जस्टिनिअनने नार्सेसला परत बोलावले. असिमॉव्ह यांनी हा प्रसंग जसाच्या तसा उचलला नाही, तो उलटा फिरवला. त्यांच्या कथेत चिटणीस आणि सेनापती भांडत नाहीत. ब्रॉड्रिगला विजयाची चटक लागते, तो रिओझसाठी अधिक जहाजे मागवतो आणि दोघे एका दिशेने चालू लागतात. इटलीत भांडणाने मोहीम बिघडली, इथे सख्याने दोघांचेही प्राण घेतले, कारण चिटणीस आणि सेनापती एकत्र आले म्हणजे सिंहासनाचा घास घेणार, याखेरीज दुसरा अर्थ सम्राट काढूच शकत नाही. दोघांना परत बोलावून त्यांचा शेवट केला जातो आणि फाउंडेशन वाचते.

या कथेत लॅथन डेव्हर्स हा व्यापारी आणि ड्यूसेम बार हा वृद्ध विद्वान ट्रँटॉरवर येऊन सम्राटापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करतात, लाच देत देत कारकुनांच्या एकेक पायरीवर चढतात आणि मधेच पकडले जातात. त्यांच्या धडपडीचा परिणामाशी काहीही संबंध नाही. ते सम्राटाला भेटले असते किंवा नसते, ब्रॉड्रिग आणि रिओझ यांचे भवितव्य तेच राहिले असते. डोळस सम्राट बलवान सेवकाला फार काळ सहन करू शकत नाही आणि दुर्बळ सम्राटाचा बलवान सेवक बाहेर लढण्याऐवजी आत सिंहासनाकडे वळतो, असा युक्तिवाद बार शेवटी मांडतो. सेल्डनच्या मनोइतिहासाचे, म्हणजे माणसांच्या प्रचंड समूहाची वाटचाल गणिताने मांडू पाहणाऱ्या शास्त्राचे, संपूर्ण मालेतील सर्वांत पटणारे उदाहरण हेच होय.

ब्रॉड्रिगचा चिटणीस हे पहिले उत्तर झाले; दुसरे उत्तर १९५१ मधले आहे. ग्रंथरूपातील पहिल्या भागासाठी असिमॉव्ह यांनी एक नवी सुरुवातीची कथा लिहिली आणि तिच्यात आकाशगंगा ज्ञानकोशातील नोंदी पेरल्या. हा ज्ञानकोश काल्पनिक आहे, त्याची ११६वी आवृत्ती फाउंडेशन शकाच्या १०२०व्या वर्षी टर्मिनसवर प्रसिद्ध झाली असे सांगितले आहे. त्यातली जनसुरक्षा आयोगाविषयीची नोंद हा या पदाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज ठरतो. एन्टन घराण्यातील शेवटचा सम्राट पहिला क्लिऑन याचा खून झाल्यानंतर हा सरदारांचा आयोग सत्तेवर आला, त्याची सूत्रे चेन आणि डिव्हार्ट या दोन घराण्यांकडे राहिली आणि कालांतराने तो आहे ते टिकवून धरणारे आंधळे यंत्र बनला, असा तिचा आशय आहे. येथे प्रधानही नाही आणि चिटणीसही नाही. सम्राट नावापुरता आहे आणि शासनप्रमुखाच्या जागी आयोगाचा प्रमुख आयुक्त लिंगे चेन बसला आहे.

या नोंदीत खुनाचा उल्लेख एका उपवाक्यात उरकलेला आहे. तो कोणी केला, का केला, यावर तिथे एक शब्द नाही, आणि १९५१ मध्ये खुद्द असिमॉव्ह यांनीही त्याचा विचार केला असण्याचे कारण दिसत नाही, कारण कथेला तेव्हा त्याची गरज नव्हती. परंतु छापील शब्द मागे घेता येत नाही. १९८८ मध्ये 'प्रील्यूड टू फाउंडेशन' लिहिताना त्यांनी सेल्डनच्या तारुण्यात जाऊन पहिल्या क्लिऑनला जिवंत उभे केले, तेव्हा या बत्तीस वर्षांच्या, जरा उतावळ्या पण मनाने वाईट नसलेल्या सम्राटाचा मृत्यू सदतीस वर्षांपूर्वीच लिहून झाला होता.

तिसरे उत्तर याच कादंबरीत आणि लेखकाच्या निधनानंतर १९९३ मध्ये आलेल्या 'फॉरवर्ड द फाउंडेशन' मध्ये मिळते, आणि मुख्य प्रधान हे पद नावासह इथेच अवतरते. ईटो डेमरझेल हा क्लिऑनचा प्रधान सर्वत्र आहे आणि कुठेच दिसत नाही. एका चेहऱ्याने तो सेल्डनचा शोध घेतो आणि चेटर हमिन नावाच्या पत्रकाराच्या वेषात त्याच सेल्डनला ट्रँटॉरच्या एका विभागातून दुसऱ्या विभागात लपवत नेतो. डेमरझेल हा माणूस नसून हजारो वर्षे जगलेला डॅनील ऑलिव्हॉ हा यंत्रमानव आहे, हे पहिल्या कादंबरीच्या शेवटी उघड होते. ब्रॉड्रिगची निष्ठा भीतीतून आली होती, डेमरझेलची निष्ठा त्याच्या घडणीतच आहे. मात्र ती सम्राटाला वाहिलेली नाही, ती मानवजातीला वाहिलेली आहे. अशा प्रधानाला सम्राटाची मर्जी हे फक्त साधन असते, आणि क्लिऑनला हे कधीच कळत नाही.

हे पद किती नाजूक आहे ते एका हसण्याच्या प्रसंगात दिसते. जोरॅनम नावाचा लोकांना चिथावणारा पुढारी प्रधान हा यंत्रमानव असल्याचा आरोप करतो, आणि आरोप खरा आहे. सेल्डन डेमरझेलला हसायला शिकवतो. पुढे सर्व जगासमोर प्रश्न विचारला जातो तेव्हा प्रधान क्षणभर थांबतो आणि मनापासून, खदखदून हसतो; त्या हसण्यापुढे जोरॅनमची चळवळ कोसळते. अडीच कोटी ग्रहांच्या कारभाऱ्याची खुर्ची एका हसण्यावर टिकते, आणि तरीही लगेचच तो ती सोडतो, कारण ज्या प्रधानाकडे एकदा सगळ्यांचे डोळे वळले तो पूर्वीसारखा काम करू शकत नाही. क्लिऑन त्याच्या जागी सेल्डनला नेमतो.

गणितज्ञ सेल्डनची सुमारे दहा वर्षांची प्रधानकी असिमॉव्ह यांनी झपाट्याने मागे टाकली आहे, आणि ते योग्यच झाले, कारण राजधानीच्या बिघडणाऱ्या यंत्रणा सावरत राहणे यापलीकडे त्यात घडण्यासारखे फारसे नव्हते. त्यांचे खरे लक्ष मँडेल ग्रूबर या माळ्याकडे आहे. ट्रँटॉरचा संपूर्ण पृष्ठभाग छताखाली झाकलेला आहे आणि उघडी माती, झाडे, पाऊस हे सारे फक्त राजवाड्याभोवतीच्या शंभर चौरस मैलांत, म्हणजे अंदाजे अडीचशे चौरस किलोमीटरमध्ये शिल्लक आहे. ग्रूबरला या मातीत, वाऱ्यात आणि थंडीत काम करणे आवडते आणि त्याला याहून अधिक काही नको आहे. सम्राट खूष होऊन त्याला मुख्य माळी करतो. मुख्य माळ्याने कचेरीत बसायचे असते, कागद पाहायचे असतात, इतरांकडून कामे करून घ्यायची असतात. ग्रूबर घाबरतो आणि सेल्डनकडे गयावया करतो. पण सम्राटाने दिलेला मान नाकारण्याची सोय या राज्यात कोणालाच नाही.

त्याच वेळी नव्या माळ्यांच्या भरतीत सेल्डनला मारायला आलेले कटवाले मिसळलेले असतात. कट फसतो, प्रधान वाचतो, आणि त्या गोंधळात ग्रूबर हाती आलेल्या शस्त्राने सम्राटाला ठार करतो. त्यामागे राजकारण नाही, सूड नाही, पैसा नाही. त्याला फक्त बागेत राहायचे होते. समूहाचे गणित मांडणाऱ्या सेल्डनला समोर उभ्या असलेल्या एका माणसाचे दुःख ठाऊक होते, ते त्याने ऐकलेही होते, आणि तरी ते त्याच्या कोणत्याही समीकरणात बसणारे नव्हते. या मालेत सम्राट, सेनापती आणि पुढारी पुष्कळ आहेत, पण ग्रूबरइतका जिवंत माणूस दुसरा नाही, आणि १९५१ मधल्या त्या रिकाम्या उपवाक्यात असिमॉव्ह यांनी अखेरीस एका माळ्याला बसवले ही त्यांच्या उतारवयातील लेखनाची सर्वांत मोठी मिळकत आहे. सेल्डन आणि ग्रूबर या दोघांनाही नको असलेले पद सम्राटाच्या कृपेनेच मिळाले होते. एकाने ते मुकाट्याने दहा वर्षे वाहिले, दुसऱ्याला ते एक दिवसही पेलवले नाही.

जुन्या नोंदीशी नव्या कथेचा सांधा मात्र पुरता बसला नाही. ज्ञानकोशाप्रमाणे खुनानंतर आयोग सत्तेवर येतो. १९९३ च्या कादंबरीत मधे सुमारे दहा वर्षांची लष्करी राजवट येते आणि आयोग तिच्यामागून उभा राहतो. पुढे ग्रेगरी बेनफर्ड यांनी १९९७ च्या 'फाउंडेशन्स फिअर' मध्ये सेल्डनच्या प्रधानकीची कथा नव्याने सांगताना उच्च परिषद आणि तिच्यातील बेटन लॅमर्क हा प्रतिस्पर्धी आणला. कथेला त्यामुळे चुरस आली, पण मतांची जुळवाजुळव करणारा प्रधान हा असिमॉव्ह यांच्या साम्राज्यातला वाटत नाही. मर्जीवर उभ्या असलेल्या पदाला परिषदेचे खांब दिले की त्याची सगळी भीती नाहीशी होते. २०२१ पासूनच्या दूरदर्शन मालिकेने डेमरझेलला स्त्रीरूप देऊन एकाच सम्राटाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रतिरूपांच्या सेवेत ठेवले आहे, आणि तपशील कितीही बदलले असले तरी सम्राट बदलत राहतात व प्रधान तोच राहतो ही मूळ कल्पना तिथे अधिक ठसठशीत झाली आहे.

सर्वांत मोठी फट १९५१ च्या त्या सुरुवातीच्या कथेतील सेल्डनच्या खटल्यात आहे. फाउंडेशन शक सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी, वयाच्या ऐंशीच्या घरात पोहोचलेला सेल्डन जनसुरक्षा आयोगासमोर आरोपी म्हणून बसतो, सरकारी वकील त्याला साम्राज्याच्या विनाशाची भाकिते करणारा एक उपद्रवी प्राध्यापक म्हणून धारेवर धरतो आणि लिंगे चेन शांतपणे ऐकत राहतो. हाच माणूस याच शहरात दहा वर्षे या साम्राज्याचा मुख्य प्रधान होता, याचा उच्चार तिथे वकील करत नाही, चेन करत नाही आणि सेल्डनही करत नाही, कारण ते पान लिहिले गेले तेव्हा ती प्रधानकी कोणाच्या कल्पनेतही नव्हती. दोन्ही ग्रंथ एकापुढे एक ठेवून वाचणाऱ्याला मात्र त्या दालनात तिघेही काहीतरी माहीत असून गप्प बसले आहेत असे वाटू लागते.