बोट आणि किनारा यांमधले चार हात

आम्ही बेळगाव-निपाणीकडील मंडळी घाटमाथ्यावरची खरी, परंतु समुद्र आम्हांला अगदीच परका नाही. बेळगावहून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीमार्गे वेंगुर्ल्यास जाणारा आणि निपाणीहून राधानगरी, फोंडाघाट ओलांडून देवगडास पोहोचणारा, असे दोन रस्ते या मुलखाला किनाऱ्याशी जोडतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे येईपर्यंत वेंगुर्ले हेच बेळगावचे बंदर होते. रेल्वे आल्यावर व्यापार तिकडे वळला. पण ज्यांच्या सोयरिकी कोकणात होत्या, त्यांचा आगबोटीशी असलेला संबंध सुटला नाही.

आमच्या आजीचे माहेर वेंगुर्ल्याचे आणि तिचे थोरले बंधू नोकरीनिमित्त गिरगावात. मुंबईहून बोटीने वेंगुर्ल्यास आणि तेथून मोटारीने बेळगावास, असा प्रवास तिने अनेकदा केला. त्या प्रवासातील वादळे तिला फारशी आठवत नसत. आठवे ते उतरणे. कोकणातल्या कित्येक बंदरांत किनाऱ्यालगत पाणी उथळ. आगबोट दूर उभी राहून भोंगा वाजवी, मग पडाव तिला येऊन भिडत. वर आगबोट, खाली लाटेवर नाचणारा पडाव आणि मध्ये काळे पाणी. "बाये, खाली बघू नको, माझ्याकडे बघ," असे म्हणून खलाशी हात पुढे करी. पुढे पडावही वाळूला टेकेनासा झाला, की त्याच खलाशाच्या खांद्यावर बसून किनारा गाठायचा. आजी ही हकीकत रंगवून सांगे आणि आम्ही मुले हसत असू. तिच्या भीतीचा अर्थ आम्हांस कळला तो पन्नाशी उलटल्यावर.

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही उभयता कोचीहून जहाजाने लक्षद्वीपला गेलो. ही बेटे प्रवाळांची. त्यांच्याभोवती प्रवाळांचा बांध आणि आत उथळ पाण्याचे सरोवर. मोठ्या जहाजाला तेथे प्रवेश नाही. काही बेटांवर आता धक्के झाले आहेत. तथापि कल्पेनीपाशी आमचे जहाज बाहेरच थांबले आणि प्रवाशांना नेण्यासाठी छोट्या नावा आल्या. जहाजाच्या कुशीतील दार उघडले. नाव क्षणात उंबरठ्याशी येई आणि क्षणात पुरुषभर खाली जाई.

सौ.चे गुडघे दुखरे. "तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते," असे त्या म्हणू लागल्या. त्यांना धीर द्यावा म्हणून आम्ही पिशवी हातात घेऊन पुढे झालो आणि पाऊल उचलले. तोच खालच्या नावाड्याने ओरडून, छातीला तळहात लावून आम्हांस मागे ढकलले. तीस वर्षे मुलांना रांगेत उभे करणाऱ्या मुख्याध्यापकास कोणी असे ढकलावे! राग आला, परंतु तो शब्दांत उतरण्यापूर्वीच नाव खोल खाली गेली. आमचे पाऊल पडले असते तर ते पाण्यातच.

त्याने आमची पिशवी काढून आधी नावेत टाकली. मग स्वतःच्या डोळ्यांकडे दोन बोटे दाखविली. त्याची मल्याळम आम्हांस कळत नव्हती, तरी आजीच्या खलाशाचेच वाक्य तो बोलत होता. पुढची लाट आली, नाव वर चढून क्षणभर स्थिरावली. त्याने मनगट पकडले आणि आम्ही नावेत होतो. आमच्यामागून सौ. आल्या, आमच्याहून अधिक सहजपणे.

परतताना जाणत्या प्रवाशांकडून यातले शास्त्र समजले. मोठे जहाज वाऱ्याच्या बाजूला आडवे राहते, म्हणजे त्याच्या आडोशाला पाणी थोडे शांत होते. पाऊल टाकायचे ते नाव चढून माथ्यावर आली असताना; उतरू लागली की थांबायचे. हात मोकळे हवेत. नावाड्याने आपले आणि आपण नावाड्याचे मनगट धरायचे, कारण ओले तळवे निसटतात. नावेत येताच खाली बसायचे, आणि सर्वांनी एकाच बाजूस धावायचे नाही. जीवरक्षक जाकीट अंगात घालायचे, मांडीवर ठेवायचे नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली. समुद्रावर गाफीलपणाला क्षमा नसते, हे कोकणाने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे.

आज कोकणच्या त्या प्रवासी आगबोटी नाहीत, त्यांना भिडणारे पडावही नाहीत. १९९८ पासून कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळुरूपर्यंतचा किनारा जोडते. तरीही जगातील मोठमोठी पर्यटन जहाजे जेथे धक्का नाही तेथे आजही नांगर टाकतात, आणि त्यांचे प्रवासी लहान नावांतूनच किनारा गाठतात. शेकडो मैल नेणारे यंत्र त्या चार हातांशी येऊन थांबते. तेथे माणसाचाच हात लागतो.

आजीने त्या खलाशाचे नाव कधी विचारले नव्हते. आम्हीही कल्पेनीच्या नावाड्याचे नाव न विचारताच परतलो. वाचकहो, ही चूक आपण करू नये. उतरल्यावर क्षणभर थांबून, ज्याने आपले मनगट धरले त्याचे नाव अवश्य विचारावे.