हक्कसोड

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशात एकाच घरात नवऱ्याचं वावर वेगळं आणि बायकोचं वेगळं अशी रीत आहे. क्रिस्तोफर उड्री या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या गावांमधली शेतांची आकडेवारी तपासून 1996 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. घर तेच, हंगाम तोच, पीकही तेच. तरी बायकांच्या वावरात सुमारे 30 टक्के कमी पिकत होतं. शेणखत जवळजवळ सगळं पुरुषांच्या वावरात पडत होतं आणि घरातली माणसंही आधी तिथेच राबत होती. खत आणि मजुरी दोन्हीकडे नीट वाटली असती, तर त्या घराचंच एकूण उत्पन्न सुमारे 6 टक्क्यांनी वाढलं असतं. म्हणजे पदरचं नुकसान सोसून भेदभाव पाळला जात होता.

याच उड्रींनी मार्कस गोल्डस्टीन यांच्याबरोबर घानातल्या अक्वापिम भागात केलेला अभ्यास 2008 मध्ये आला. तिथे जमिनीचा कस टिकवायचा तर ती अधूनमधून पडीक ठेवावी लागते. पण पडीक ठेवलेली जमीन पुन्हा आपल्यालाच कसायला मिळेल, ही खात्री गावात वजन असलेल्यांनाच असते. बायकांच्या हाती जमीन येते ती बहुधा नवऱ्याच्या घराण्याकडून, आणि तिचा भरवसा कमी. त्यामुळे त्या जमीन पुरेशी मोकळी सोडत नाहीत. जमीन उतरते, उत्पन्न घटतं. बायकांना शेती जमत नाही असं म्हणायला मग लोक मोकळे!

स्त्री-पुरुष विषमतेची आपली चर्चा शिक्षण, नोकरी, पगार आणि ‘मानसिकता’ या चौकोनात फिरत राहते. त्यातली मानसिकता मला फार सोयीची वाटते, कारण तिच्यावर खापर फोडलं की कुणाच्याच खिशाला हात लागत नाही. जमीन कुणाच्या नावावर आहे, हे विचारलं की मात्र घरातलं बोलणं थांबतं. या विषमतेची सर्वांत चिवट मुळं मालकीत आहेत, असं माझं मत आहे.

ती तिथे गेली कशी? डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी 1970 मध्ये याचं एक उत्तर मांडलं. जिथे कुदळीने शेती होते तिथे बायका शेतीच्या केंद्रस्थानी असतात. जिथे नांगर येतो तिथे ओढकामाची जनावरं आणि अंगमेहनतीच्या जोरावर शेत पुरुषाचं होतं आणि बाई उंबऱ्याच्या आत जाते. आल्बेर्तो आलेसिना, पाओला जुलियानो आणि नेथन नन यांनी 2013 मध्ये हे अनुमान जगभरच्या आकड्यांवर घासून पाहिलं. ज्यांचे पूर्वज नांगर धरत होते, त्या समाजांत आजही बायका घराबाहेरच्या कामात कमी दिसतात. ते लोक देश सोडून अमेरिकेत गेले तरी त्यांच्या मुलींमध्ये हा फरक उरतो.

नांगरावर सगळंच ढकलून चालणार नाही. ट्रॅक्टर चालवायला दंडात बळ लागत नाही, तरी त्यावर बाई क्वचितच दिसते. नांगराने जे सुरू केलं ते कागदाने पक्कं केलं. केनियात ब्रिटिशांनी 1954 च्या स्विनर्टन योजनेखाली सामूहिक जमिनींची वैयक्तिक नोंदणी सुरू केली, तेव्हा नावं लागली कुटुंबप्रमुख पुरुषांची. कसणाऱ्या बायकांचा रूढीने चालत आलेला हक्क दप्तरात आलाच नाही. हे राज्यकर्ते स्वतःच्या घरीही तसेच होते. इंग्लंडमध्ये विवाहितेला स्वतःची कमाई 1870 च्या कायद्याने आणि स्वतःची मालमत्ता 1882 च्या कायद्याने मिळाली. फ्रान्समध्ये नवऱ्याच्या संमतीवाचून बँकेत खातं उघडायची मुभा मिळायला 1965 उजाडलं. युरोप पुढारलेला होताच, अशी समजूत असणाऱ्यांनी ही सालं जवळ ठेवावीत.

मालकी आली की काय बदलतं? बीना अगरवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात विवाहित स्त्रियांची पाहणी केली. ज्यांच्या नावावर घर नाही आणि जमीनही नाही, अशा स्त्रियांपैकी 49 टक्के जणींनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. ज्यांच्या नावावर दोन्ही होतं, त्यांच्यात हे प्रमाण 7 टक्के निघालं. निघून जायला जागा आहे हे दोघांनाही ठाऊक असलं, की हात आवरतो. अर्थात मालमत्ता म्हणजे सर्वस्व नव्हे. मेघालयातल्या खासी समाजात वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं, पण गावाच्या दरबारात परंपरेने बसत आले ते पुरुषच.

आता आपल्या बांधावर येऊ. हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मर्यादित का होईना, हिस्सा देणारा 1937 चा कायदा केंद्रीय विधिमंडळात आणला तो मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांनी. हिंदू कोड बिल रखडवल्यावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं. 1956 च्या कायद्याने मुलीला बापाच्या वाट्यात वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क मुलालाच ठेवला. महाराष्ट्राने 1994 मध्ये तो मुलींनाही दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राचा कायदा 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाला, त्यात ही अट राहिली नाही. आणि त्या दिवशी बाप हयात असलाच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. कायद्याची बाजू इथे जवळपास संपते. तरीही 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बायका 14 टक्केच आहेत, आणि ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार बायकांपैकी तिघी मात्र शेतीतच राबतात.

मधली गळती होते ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. बाप गेल्यावर बहिणींना बोलावणं जातं, हक्कसोडपत्र तयार असतं, मुद्रांक शुल्क नाममात्र. सही होते, जेवण होतं, साडी-चोळी होते. याला अडाणीपणा म्हणणारे शहरी लोक हिशेब चुकतात. पुढे नवरा गेला, आजारपण आलं, सासरी राहणं अशक्य झालं, तर बाईला टेकायला एकच जागा: माहेर. हिस्सा मागितला तर ते दार बंद होतं. म्हणून ती जमिनीच्या बदल्यात दार उघडं ठेवून घेते. तिचा हिशेब चोख आहे. हिशेबच असा मांडावा लागतो, यात अन्याय आहे.

‘तिच्या लग्नात दिलंच की’ हा भावांचा नेहमीचा युक्तिवाद. दिलेलं गेलं सासऱ्याच्या घरात. तिच्या नावावर काय लागलं? दुसरा युक्तिवाद असा की ती परगावी, जमीन कसणार कोण? पण पुण्याला नोकरी करणाऱ्या भावाचा हिस्सा या कारणाने कधी गेल्याचं ऐकिवात नाही.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर काही वर्षांतच लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. नवऱ्यांना त्यासाठी तयार करणं ही साधी गोष्ट नव्हती. पण ते नवऱ्याने दिलेलं होतं, लेक म्हणून मिळालेलं नव्हतं, आणि हा फरक मला मोठा वाटतो. दिलेल्याचा भरवसा देणाऱ्यावर असतो. महिला किसान अधिकार मंचाने 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या, शेतकरी आत्महत्यांमुळे विधवा झालेल्या 505 जणींची पाहणी केली, तेव्हा त्या कसत असलेल्या जमिनीवर 40 टक्के जणींना हक्क मिळालेला नव्हता.

जमीनच नाही किंवा असून पिकत नाही, त्या बीडच्या ऊसतोड कामगारांकडे तर बाईची मजुरीही वेगळी मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतो नवरा, ती फेडतात दोघं, आणि खाडा झाला की दंडही जोडीवर. 2019 मध्ये गर्भाशय काढून टाकलेल्या ऊसतोड बायकांच्या बातम्यांनी राज्य हादरलं, पण हिशेबाचं एकक बदललं नाही.

गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेमुळे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि मुलीचा सक्तीचा वाटा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. शेजारच्या सिंधुदुर्गात मात्र बाप स्वकष्टार्जित सारं मुलाच्या नावे लिहून ठेवू शकतो. सीमा ओलांडली की लेकीची पत बदलते.

हा अंक हाती येईल तेव्हा भाऊबीज जवळ आलेली असेल. भावांनी बापाच्या वारसनोंदीत बहिणीचं नाव राहू द्यावं. बहिणींनी फेरफाराची नोटीस वाचावी, आणि सातबारा सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो, तो एकदा पाहावा. वारस म्हणून नाव लागल्यावर हक्क सोडायचाच झाला, तर तो पाच वर्षांनीही सोडता येतो. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करून घ्यायला मात्र दिवाणी न्यायालयात जावं लागतं.