गडग्याचा दावा आणि आपला साक्षीदार : सरतपासाला काय ध्यानात ठेवाल?

रत्नागिरी : गडगा, पाणंद, आंब्याच्या कलमांची वहिवाट यावरून आपल्याकडे वर्षानुवर्षे दावे चालतात. सातबारा हातात असतो, पण आपलाच साक्षीदार कोर्टात अडखळतो आणि दावा लंगडा पडतो.

आपल्या साक्षीदाराला आपला वकील विचारतो तो सरतपास. समोरचा वकील विचारतो तो उलटतपास. त्यातल्या मुद्द्यांचा खुलासा करायला आपल्या वकिलाला मिळतो तो फेरतपास. १ जुलै २०२४ पासून यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे.

सरतपासात उत्तर सुचवणारा प्रश्न समोरच्याने हरकत घेतली तर कोर्टाच्या परवानगीशिवाय विचारता येत नाही. "गडगा शेजाऱ्यानेच पाडला ना?" हे चालत नाही. "तुम्ही कुठे होतात? काय बघितलंत?" असं विचारावं लागतं. म्हणजे बोलायचं साक्षीदारानेच. नाव, गाव अशा वाद नसलेल्या गोष्टींना ही अडचण नाही.

दिवाणी दाव्यात सरतपास शपथपत्रावर होतो. वकिलाने टाईप करून आणलं आणि साक्षीदाराने न वाचता सही केली, की उलटतपासात पंचाईत ठरलेली. लिहिता-वाचता येत नसेल तर सहीआधी पूर्ण वाचून घ्या. 'पूर्वापार वहिवाट' एवढंच नको. कलमं कोणी लावली, राखण कोण करतं, आंबे कोण उतरवतं, हे साक्षीदाराने बघितलं असेल तसं लिहा. फौजदारी खटल्यात मात्र साक्षीदाराला कोर्टात उभं राहून तोंडीच सांगावं लागतं.

"लोक सांगतात" ही साक्ष नव्हे. जे डोळ्यांनी बघितलं, कानांनी ऐकलं तेच सांगायचं. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणावं. पढवलेला साक्षीदार एका उलट प्रश्नात उघडा पडतो.

साक्षीदार फिरला तर? कोर्टाच्या परवानगीने आपला वकील त्याला उलटतपासासारखे प्रश्न विचारू शकतो (कलम १५७). त्याची सगळीच साक्ष वाया जात नाही, खरा वाटणारा भाग विचारात घेता येतो.

आणि साक्षीदारांची गर्दी नको. अमुक इतके हवेतच असं कायदा म्हणत नाही (कलम १३९). वाडीतले दहा जण उभे करण्यापेक्षा शेजारच्या बागेत रोज राबणारा एक गडी भारी पडतो.