घड्याळाने मोजलेली वाट

माझ्या नातीला तिच्या मामाने वाढदिवसाला एक घड्याळ दिले. ते वेळ तर दाखवतेच. पण मनगटावर बांधून धावावयास निघाले, म्हणजे आपण किती किलोमीटर धावलो आणि किती वेगाने धावलो, हेही त्याच्या तबकडीवर उमटत राहते. असली घड्याळे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. नात नववीत शिकत होती. शालेय स्पर्धांतील ३,००० मीटरांच्या शर्यतीत उतरावे, ही तिची फार दिवसांची इच्छा. पुण्यात आमच्या पेठेतील अरुंद गल्ल्यांतून ती रोज पहाटे धावू लागली. घड्याळाच्या हिशेबाने एक फेरी दीड किलोमीटरची. अशा दोन फेऱ्या झाल्या की ती थांबे. दिवाळीच्या सुमारास एके दिवशी तिने हे अंतर साडेबारा मिनिटांत कापले, तेव्हा तिचा आनंद गगनात मावेना.

पुढच्याच रविवारी मी तिला ४०० मीटरांच्या धावपट्टीवर घेऊन गेलो. धावपट्टीवर अंतराविषयी शंकेला जागा नसते. साडेसात फेऱ्या म्हणजे ३,००० मीटर, कमी नाही की अधिक नाही. पोर जीव तोडून धावली. माझ्या हातातील साध्या स्टॉपवॉचने १३ मिनिटे ७ सेकंद दाखवले.

"आजोबा, तुमचे घड्याळ चुकले असेल," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी तरळले होते. सदतीस सेकंद म्हणजे त्या शर्यतीत सुमारे १४० मीटरांची पिछाडी! पण वेळेच्या बाबतीत तिच्या आणि माझ्या घड्याळांचे एकमत होते. मग फरक कोठून आला? आणखी एक चमत्कारिक गोष्ट तिनेच मला दाखवली. उघड्या मैदानावरील त्या ३,००० मीटरांना तिचे घड्याळ ३.०४ किलोमीटर म्हणत होते. म्हणजे येथे त्याची चूक अगदी थोडी होती.

हे कोडे उलगडावयाचे, तर ते घड्याळ अंतर कसे काढते हे प्रथम समजून घेतले पाहिजे. गवंडी किंवा सर्वेक्षक जमीन मोजतो तेव्हा त्याची टेप जमिनीला लागलेली असते. घड्याळाचा जमिनीशी काडीइतकाही संबंध येत नाही. ते दर सेकंदाला एकच प्रश्न विचारते: मी आता कोठे आहे? उत्तर मिळाले की नकाशावर एक ठिपका देते. पुढल्या सेकंदाला पुन्हा एक ठिपका. मग ते ठिपके सरळ रेषांनी जोडावयाचे आणि त्या रेषांच्या लांब्यांची बेरीज करावयाची. ही बेरीज म्हणजेच तबकडीवर दिसणारे किलोमीटर.

'मी कोठे आहे' या प्रश्नाचे उत्तर आकाशातून येते. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे काही उपग्रह सतत फिरत असतात. या योजनेला जीपीएस म्हणतात. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला आणि १९९५ साली सर्व योजना पूर्णपणे कामास लागली. रशिया, युरोप आणि चीन यांच्याही अशा योजना आहेत, आणि बरीचशी घड्याळे एकाहून अधिक योजनांचे उपग्रह वापरतात. प्रत्येक उपग्रहावर अत्यंत अचूक अशी आण्विक घड्याळे असतात, आणि तो रेडिओलहरींवरून अखंड सांगत असतो, 'मी अमुक जागी आहे, आणि आता अमुक वेळ झाली आहे.' या लहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर या वेगाने धावतात. तरीही आपल्यापर्यंत पोहोचावयास त्यांना एका सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला हे कळले, की उपग्रह किती दूर आहे हे कळले. असे तीन उपग्रह सापडले तर आपली जागा ठरावी; परंतु आपल्या मनगटावर काही आण्विक घड्याळ नसते. म्हणून त्याची चूक दुरुस्त करण्यासाठी चौथ्या उपग्रहाची साक्ष काढावी लागते.

येथे वेळेच्या सूक्ष्मतेला केवढे महत्त्व आहे, ते पाहा. एका सेकंदाचे दहा लक्ष भाग केले आणि त्यांतील एका भागाची चूक झाली, तर जागा तीनशे मीटरांनी चुकते! आपल्या देशाने 'नाविक' नावाची स्वतःची योजना उभारावयास घेतली, तेव्हा २०१३ साली सोडलेल्या पहिल्या उपग्रहावरील तिन्ही आण्विक घड्याळे पुढे बंद पडली. उपग्रह आकाशात होता, बाकीची यंत्रणाही होती; पण घड्याळे थांबल्यामुळे तो जागा सांगण्याच्या कामी येईना.

आता चुका कोठे शिरतात? वातावरणाच्या वरच्या थरांतून येताना लहरींना किंचित विलंब होतो. तो किती, याचा अंदाज घड्याळ बांधते. पण अंदाज तो अंदाजच. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा आपल्या खिशातील फोनने सांगितलेली जागा पाचएक मीटरांनी इकडे-तिकडे असू शकते. घड्याळाचा अँटेना तर फारच लहान, तो हाताबरोबर पुढे-मागे झुलतो, आणि धावणाऱ्याचे शरीरही त्याच्या आड येते.

खरी फजिती होते ती मात्र उंच इमारतींच्या मध्ये. आमच्या पेठेत पूर्वी दुमजली वाडे होते. त्यांच्या जागी आता सहा-सहा, सात-सात मजली इमारती उभ्या आहेत. गल्लीतून वर पाहिले, तर आकाशाची एक चिंचोळी पट्टी दिसते. त्या पट्टीत जे उपग्रह असतील, तेवढ्यांचाच संदेश सरळ येतो. बाकीच्यांचा संदेश समोरच्या भिंतीवर आपटून मग घड्याळापर्यंत पोहोचतो. घाटात आरोळी ठोकली, की प्रतिध्वनी उशिरा येतो ना, तसेच हे. लांबच्या वाटेने आलेल्या लहरीला वेळ अधिक लागतो. घड्याळाला वाटते, उपग्रहच अधिक दूर आहे. मग नकाशावरील ठिपका गल्ली सोडून कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन पडतो.

तुम्ही म्हणाल, ठिपका कधी डावीकडे पडेल, कधी उजवीकडे; एकूण हिशेबात चुका एकमेकींना खाऊन टाकतील. मलाही प्रथम असेच वाटले होते. परंतु वहीवर आकृती काढून पाहा. एक मुलगी सरळ रेषेत सेकंदाला तीन मीटर धावते आहे. पहिला ठिपका एक मीटर डावीकडे पडला, दुसरा एक मीटर उजवीकडे. आता काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू झाल्या तीन मीटर आणि दोन मीटर. पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे कर्ण येतो सुमारे ३.६ मीटर. मुलगी धावली तीन, घड्याळाने लिहिले ३.६. पुढला ठिपका पुन्हा डावीकडे पडला, तर आणखी ३.६. डावी चूक आणि उजवी चूक यांनी एकमेकींना खाल्ले नाही. दोघींनी मिळून वाट लांबवली. सरळ रस्ता नागमोडी केला, की तो वाढतो, कमी होत नाही. पीटर रानाखर या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात हीच गोष्ट गणिताने सिद्ध करून दाखवली आहे.

हे खरे, की लागोपाठच्या दोन ठिपक्यांच्या चुका बहुधा सारख्याच दिशेच्या असतात. दोन्ही ठिपके एकदमच सरकतात आणि त्यांच्यामधील अंतर फारसे बिघडत नाही. म्हणून मैदानात ४० मीटरांच्या फरकावर भागले. याच्या उलट प्रकारही घडतो. विजेची बचत व्हावी म्हणून काही घड्याळे दर सेकंदाला ठिपका न देता काही सेकंदांनी देतात. अशा वेळी सिंहगडाच्या चढणीसारखी वळणावळणांची पायवाट असेल, तर घड्याळ एका वळणावरून दुसऱ्यावर सरळ उडी मारते आणि तुम्ही घाम गाळून चाललेले अंतर हिशेबातून गळते.

अंतरापेक्षाही चंचल असते ती चाल. एक किलोमीटर कापावयास किती वेळ लागतो आहे, त्याला धावणारे लोक 'पेस' म्हणतात. समजा, तुम्ही सेकंदाला चार मीटर धावत आहात. म्हणजे किलोमीटरला चार मिनिटे दहा सेकंद. त्या एका सेकंदात घड्याळाची फक्त एका मीटरची चूक झाली. चाराचे पाच झाले, तर पेस दिसेल तीन मिनिटे वीस सेकंद, जणू एखादा विजेताच धावतो आहे! चाराचे तीन झाले, तर पाच मिनिटे तेहतीस सेकंद. पाय मात्र पूर्वीसारखेच पडत आहेत. असा आकडा नाचू नये म्हणून घड्याळे बऱ्याच सेकंदांची सरासरी दाखवतात. त्यामुळे तुम्ही वेग वाढवलात, तरी ते त्यांना जरा उशिराच कळते. वेग ठरवण्याचा दुसराही मार्ग आहे. शिटी वाजवीत जवळ येणाऱ्या आगगाडीचा स्वर चढा लागतो आणि दूर जाणाऱ्या गाडीचा उतरता. उपग्रहाच्या लहरींतील असाच फरक ओळखून पुष्कळ यंत्रे वेग काढतात. हा मार्ग अधिक भरवशाचा आहे. पण भिंतीवरून परतलेल्या लहरी त्यालाही फसवतात.

एवढे समजल्यावर नातीने विचारले, "मग आमची गल्ली खरी किती लांब आहे?"

या प्रश्नाचे उत्तर सायकलीने मिळाले. मुंबईची मॅरेथॉन असो वा लंडनची, तिचे ४२.१९५ किलोमीटर उपग्रहांनी मोजत नाहीत. ते सायकलीने मोजतात. इंग्लंडमधील जॉन ज्युएल यांनी १९६१ साली या पद्धतीची नीट तपासणी करून ती मांडली. पुढे १९७१ साली अमेरिकेतील ॲलन जोन्स यांनी पुढच्या चाकाला बसवण्याचा एक छोटासा गणक तयार केला. त्यांचा मुलगा क्लेन ते गणक बनवीत असे. पोलादी टेपने काटेकोर मोजलेल्या सरळ रस्त्यावर प्रथम सायकल चालवून तिची परीक्षा घेतात, आणि मगच तिच्यावर शर्यतीचा मार्ग मोजतात. शर्यत चुकूनही अपुरी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर अधिक धरतात. शिवाय मापन होते ते अगदी जवळच्या वाटेने, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर राखून. गर्दीत धावणाऱ्याला ती वाट कोठून साधणार? म्हणून शर्यत संपल्यावर घड्याळात साडेबेचाळीस किलोमीटर पाहून जे संयोजकांवर रागावतात, त्यांनी आपल्या मनगटाकडे आणि आपल्या पावलांकडेही थोडे पाहावे.

आमच्यापाशी जोन्स यांचा गणक नव्हता. आम्ही पुढच्या चाकाच्या एका आरीला तांबडी चिंधी बांधली. धावपट्टीच्या सरळ भागावर नातीला सायकलीवर बसवून चाकाच्या चाळीस फेऱ्या करविल्या आणि टेप लावली. अंतर भरले ८४ मीटर. म्हणजे एका फेरीला २ मीटर १० सेंटिमीटर. बसवूनच, असे मी मुद्दाम म्हणतो. कारण वजनाने टायर दबतो आणि माप बदलते.

दुसऱ्या दिवशी पहाटे, वर्दळ सुरू होण्यापूर्वी, आम्ही गल्लीत उतरलो. ती हळूहळू सायकल चालवीत मोठ्याने मोजत होती; मी शेजारून चालत होतो आणि दर दहा फेऱ्यांना एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकत होतो. कोपऱ्यावरचा दूधवाला आमच्याकडे टकमक पाहत राहिला. फेरी पूर्ण झाली तेव्हा उजव्या खिशात अडुसष्ट चिंचोके होते, आणि वर एक फेरी. एकूण ६८१. अंतर आले १,४३० मीटर. घड्याळ ज्याला तीन किलोमीटर म्हणत आले होते, ते होते अवघे २,८६० मीटर.

नातीने तेथेच पायरीवर बसून भागाकार केला. साडेबारा मिनिटांत २,८६० मीटर, तर ३,००० मीटरांना किती? उत्तर आले १३ मिनिटे ७ सेकंद. ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी मैदानावर हळू धावले नव्हते. मी दोन्ही दिवशी सारखीच धावले."

दुसऱ्या फेरीनंतरचे १४० मीटर मोजून आम्ही देवळाच्या पायरीजवळ चुन्याची रेघ ओढली. तेव्हापासून ती त्या रेघेपर्यंत धावू लागली. घड्याळ तिने टाकून दिले नाही. फक्त त्यातील वेळ तेवढी पाही. डिसेंबरातील स्पर्धेत तिला १२ मिनिटे ४१ सेकंद लागले आणि ती चौथी आली.

पहिल्या पावसात चुन्याची रेघ धुऊन गेली. गेल्या रविवारी पाऊस उघडला, तेव्हा आम्ही पुन्हा सायकल बाहेर काढली. या वेळी ६८२ फेऱ्या भरल्या. गल्ली काही वाढली नव्हती. टायरमधील हवा किंचित कमी झाली असावी. नात म्हणाली, "आजोबा, आधी मैदानावर जाऊन चाक पुन्हा मोजू या." आणि ती पंप आणावयास आत गेली.